राखेचा बुधवार, पहिली पाळी

नऊ वर्षं मी थांबत आलो
उद्यमबागेच्या वळणावर, कल्लाप्पाच्या पानपट्टीच्या आरशापुढं,
वर्षातून एकदा, याच बुधवारी.
रुमालाचं टोक थुंकीनं ओलं करायचं
आणि पहाटे कॅम्पातल्या देवळात
फादरनी कपाळावर ओढलेली राख
पुसायची.
मग गेट, मग पंचिंग, मग विनायक.

विनायक म्हणजे मीच.
पहिल्या दिवशी हजेरीबाबूनं विचारलं, नाव?
इनास, म्हटलं. इनास पास्कू बारदेस्कर.
त्याला ऐकू आलं विनाश.
भट्टीपाशी असलं नाव नको बाबा, म्हणाला,
आणि त्यानंच दुसरं ठेवलं.
मी हसलो. सही केली.
त्या हसण्याचे हप्ते अजून फेडतोय.

गळ्यातला क्रूस बनियनच्या आत.
कपोल्याचं तोंड उघडलं की तापतो,
छातीला चटका देतो.
डॉक्टरनं विचारलं, हा डाग कसला?
रस उडाला, म्हटलं.
खोटं किती तयार असतं ओठाशी.

आज पानपट्टी बंद होती.
एवढंच. धीरबीर काही नाही.
कल्लाप्पाच्या घरी बारसं का काय,
फळीला कुलूप, आरसा आत.
भोंगा झाला होता, तसाच शिरलो.

बसवण्णेप्पा वाळू चाळत होता.
त्याच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे,
रोजचे, कुणी कधी न विचारलेले.
"विन्या, ग्रीस लागलंय बघ. पूस की."
चिंधी पुढं केली त्यानं.
मी घेतली. हात कपाळापर्यंत गेलाही.
"ग्रीस न्हवं. राख हाय ती."

भट्टीचा पंखा चालू, त्याला ऐकूच गेलं नाही.
दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं
आणि अख्खी शेड वळून बघायला लागली.

आता सांगायचं तरी कशात?
माझं मागणं कोंकणीत, देवळातलं पुस्तक मराठीत,
बसवण्णेप्पाचा राग, लेकरं, देव, सगळं कन्नडात.
पश्चात्तापाला त्याच्याकडं काय म्हणतात
मला ठाऊक नाही.
म्हणून वाळूच उचलली मूठभर.
म्हटलं, गेल्या वर्षी सणाला हातात धरलेल्या झावळ्या
जाळून ही राख करतात,
लावताना आठवण देतात, बाबा, मातीचा आहेस.

"हे आम्ही पण म्हणतो की."
"म्हणत असाल. पण आमच्यात गोष्ट तिथं संपत नाही."
आणि तिथंच मी अडकलो.
चाळीस दिवसांपलीकडची ती पहाट, बाजूला सरकलेली धोंड,
रडणारी बाई, जिला तो बागेतला माळी वाटला,
हे घरी पोरीला जेवता जेवता सांगतो मी.
इथं जीभ सुकलेल्या साच्यासारखी.

परशराम हातातलं टाकून जवळ आला.
"मेलेला उठला म्हणतोस?"
थट्टा नव्हती.
मागल्या श्रावणात त्याचा धाकटा भाऊ मलप्रभेत गेला,
तिसऱ्या दिवशी सापडला.
शेडमध्ये सगळ्यांना माहीत,
म्हणून कुणी हसलं नाही.
"होय," म्हटलं.
"कसा?"
"ते मला सांगता येत नाही."
"पण मानतोस."
"मानतो."
कास्टिंग ठोकून बघतात, आत चीर आहे का,
तसं त्यानं माझ्याकडं बघितलं.
आवाज कसा आला कुणास ठाऊक.
मग रस तयार झाला, जो तो आपल्या लॅडलकडं पळाला.

चहाला बसवण्णेप्पा शेजारी येऊन बसला.
"मग विनायक कसा रे तू? तुमच्यात असतंय हे नाव?"
सांगितलं.
"इन्नास," त्यानं म्हणून पाहिलं, न उगाच दाबून.
थोडं चुकलं होतं.
या वेळी मी दुरुस्त केलं.